आठ दिवस थांबू

आमच्या घरात कुठलीही वस्तू यायची तर आधी तिला आठ दिवस दाराबाहेर थांबावं लागे. मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर माझे कॉलेजला जायचे सँडल. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आठ दिवस थांबू. आठ दिवसांनीही हवंसं वाटलं तर बघू." नाही म्हणायचे नाहीत, हो पण म्हणायचे नाहीत. आठ दिवसांत निम्म्या गोष्टींची हौस आपोआप विरून जायची. उरलेल्यांची आई बरोबर नवव्या दिवशी आठवण करून द्यायची आणि मग अण्णा कपाटातून वही काढायचे.

साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथली किर्द संपली की घरची किर्द. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. 'भाजी ४२. चहापूड ९०. रिक्षा – निरंक (चालत).' न झालेल्या खर्चाचीही नोंद करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही भावंडं आपसात त्यांना निरंक म्हणायचो. भाऊ तर तोंडावर चिक्कू म्हणायचा, आणि ते हसायचे.

अण्णांच्या आजाराची पहिली खूण त्या वहीतच होती, फक्त आम्हाला ती वाचता आली नाही. २०१५च्या सुमारास त्यांचं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची ठीक आणि उजव्या कडेला जाईपर्यंत मुंग्यांची रांग व्हायची. आम्ही चष्मा बदलला. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरायला लागली, रिकामं बसलं की जास्तच. "ह्यांनी एकदम जप कुठून सुरू केला?" असं आईने हसत विचारलं होतं. पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी त्यांना एका कोऱ्या कागदावर आपलं नाव-पत्ता लिहायला सांगितलं, कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, पार्किन्सन्स.

तेव्हापासून डोपामाइन हा शब्द आमच्या घरात आला. त्याआधी मला तो मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून माहीत होता. 'आनंदाचं रसायन', 'सात दिवस डोपामाइन उपास करा' वगैरे. ज्याच्या मेंदूतून डोपामाइन खरोखरच आटत चाललंय अशा माणसाला शर्टाचं बटण लावताना पाच मिनिटं बघितलं, की त्या उपासाच्या गप्पा ऐकवत नाहीत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी काही लाखच. त्यांतल्या पुष्कळशा मेंदूच्या मध्यभागी एका काळसर पट्ट्यात राहतात. त्या काळेपणावरूनच त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा, काळा पदार्थ, असं लॅटिन नाव पडलं. पार्किन्सन्समध्ये हा काळा पट्टा फिका पडत जातो. डोपामाइन आटलं की हालचाल थांबते, याचा शोध लागला त्यात आपल्याकडच्या एका मुळीचा हात आहे, हे मला फार उशिरा कळलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी तेच रेसरपिन सशांना दिलं, तर ससे निपचित पडले, कान पाडून, हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरायला लागले. हे १९५७ सालचं. रेसरपिनने डोपामाइन आटलं होतं, एल-डोपापासून मेंदूने ते परत बनवलं. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचं नोबेल विभागून मिळालं. आणि एल-डोपा कशात असतं? खाजकुइलीच्या बियांत. १९३७ मध्येच मद्रासच्या दोन संशोधकांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. शाळेत ज्या शेंगांची कुसं एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकून आम्ही मार खाल्ला, त्यांच्या बिया. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा फुकट होतं की."

पहिली दोन वर्षं लेव्होडोपावर, म्हणजे त्याच एल-डोपाच्या गोळीवर, बरी गेली. मग गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी सोबत प्रामिपेक्सोल दिलं. ही गोळी स्वतः डोपामाइन होत नाही. डोपामाइनची जी कुलपं पेशींवर असतात त्यांत बनावट किल्लीसारखी जाऊन बसते. गुण इतका आला की आई देवापुढे साखर ठेवून आली. अण्णा एकटे मंडईत जायला लागले. वहीतलं अक्षर पुन्हा टपोरं झालं, कारखान्यात असताना होतं तसं.

आता त्या टपोऱ्या अक्षरातली पानं उलटताना दिसतं ते वेगळंच. 'भिंतीचे घड्याळ ३५०.' पाच दिवसांनी 'घड्याळ (२ नग) ८००.' मग विजेऱ्या, चार. पक्कड, पान्ह्यांचा संच, पुन्हा घड्याळ. अक्षर मोठं होत गेलं तसे आकडेही मोठे होत गेले. कुरिअरवाला आमच्या गल्लीत फक्त आमच्याच घरी येतो की काय असं शेजाऱ्यांना वाटायला लागलं. आईने टोकलं तेव्हा अण्णांनी पार्सलं शेजारच्या दुकानात उतरवून घ्यायला सुरुवात केली. रात्री दोन वाजता उठून बैठकीत वर्तमानपत्र पसरायचे आणि घड्याळं उघडायचे. चाकं एका रांगेत, स्क्रू दुसऱ्या रांगेत, मग पुन्हा सगळं मिसळून पुन्हा रांगा. दुरुस्त एकही केलं नाही. या प्रकाराला वैद्यकात पंडिंग म्हणतात. हा मूळचा स्वीडनमधल्या व्यसनींच्या बोलीतला शब्द. ॲम्फेटामिन घेणारे तिथले लोक रात्र रात्र असेच पेट्या उघडत आणि वस्तू लावत बसत, आणि ॲम्फेटामिन मेंदूतलं डोपामाइनच वाढवतं. अण्णांना ही उपमा कुणी ऐकवली असती तर त्यांनी जन्मात पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नसता.

शेवटी एक दिवस पतपेढीतून ओळखीच्या माणसाचा फोन आला. अण्णांनी मुदत ठेव मोडली होती, मुदतीआधी, व्याज बुडवून. साताऱ्याच्या बाजूला कुठल्याशा एनए प्लॉटला ५१,००० रुपये विसार दिला होता. प्लॉट त्यांनी पाहिलाही नव्हता.

भाऊ म्हणाला, म्हातारचळ. आत्या म्हणाली, साठी बुद्धी नाठी. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री मला फोनवर हळूच म्हणाली, "अगं, मला ह्यांच्या वडिलांचीच आठवण येतेय."

आजोबांचं आमच्याकडे कुणी फारसं बोलत नाही. नदीकाठची सव्वादोन एकर जमीन त्यांनी पत्त्यांत घालवली. अण्णा तेव्हा सातवीत होते. बैलजोडी दारातून सोडून नेताना त्यांनी पाहिली होती, एवढंच एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

त्या महिन्यात मी कराडला गेले आणि अण्णांवर मनापासून चिडले. आयुष्यभर आमच्या सँडलला आठ दिवस लावलेत आणि आता? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कळतं गं मला. तेच करून बघतो. आठ दिवस थांबू म्हणतो. पण दुसऱ्या मिनिटाला आठ दिवस होऊन गेल्यासारखं वाटतं."

या वाक्याने मी हादरले, पण अर्थ तरीही लागला नाही. म्हातारचळ हा शब्द आधीच घरात हजर होता ना. भाषेत तयार शब्द असला की माणूस औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी उलगडत नाही. ती चिठ्ठी मी महिनाभराने वाचली. अतिशय बारीक टाइपात सगळं लिहिलेलं होतं: जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं, वाढलेली कामेच्छा.

यावर अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांमध्ये मोठी पाहणी झाली होती, २०१० साली छापून आली. ३,०९० रुग्ण. या जातीची गोळी घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांना असा एखादा आवेग जडलेला होता; न घेणाऱ्यांत ६.९ टक्क्यांना. ज्यांच्या घराण्यात जुगाराचा इतिहास आहे त्यांना धोका जास्त, हेही त्याच पाहणीत होतं. ती ओळ वाचून मी बैलजोडीपाशी जाऊन पोचले. गोळी सुरू करताना पहिल्या डॉक्टरांनी आम्हाला यातलं काहीही विचारलं नव्हतं. बाहेर साठ रुग्ण बसलेले असतात हे मला कळतं. तरीही, एक प्रश्न.

दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं. अण्णांना बाहेर बसवून त्यांनी आईला एकेक करून चारही गोष्टी विचारल्या. चौथ्या प्रश्नाला त्यांनी घसा खाकरला, आईने पदर सावरला आणि मी भिंतीवरचं मेंदूचं चित्र पाहत बसले. उत्तर 'नाही' होतं. पण किती घरांत ते 'हो' असेल आणि कुणीच कुणाला सांगत नसेल, हे त्या दोन मिनिटांच्या शांततेत समजलं.

त्याच चित्रावर बोट ठेवून डॉक्टरांनी समजावलं. डोपामाइनचे पाट मेंदूत एकापेक्षा जास्त आहेत. हालचालींकडे जाणारा पाट पार्किन्सन्समध्ये आधी आणि जास्त आटतो. हवं-नको, फायदा-तोटा जिथे ठरतो तिकडे जाणारा पाट बराच काळ वाहता राहतो. हात चालावा म्हणून जेवढं औषध लागतं, तेवढं त्या दुसऱ्या भागाला जास्त होतं. शिवाय प्रामिपेक्सोल ज्या कुलपांत विशेष घट्ट बसतं, ती त्या दुसऱ्या भागातच दाट असतात. घरी आल्यावर मी हे अण्णांना सांगायला लागले तर ते मधेच म्हणाले, "टेलच्या रानाला पाणी पोचवायला पाट जोरात सोडला की वरच्या अंगाच्या उसात पाणी तुंबतं. तसंच हे." कृष्णाकाठी पाटपाण्याच्या भांडणांत आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढे काय शिकवायचं?

पण पाण्याच्या उपमेत एक गोष्ट सुटते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. डोपामाइन नुसतं 'चल, घे' म्हणत नाही, 'नाही' हेही तेच सांगतं, आणि ते गप्प राहून सांगतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग आहेत. खुणेनंतर फळाचा रस मिळतो हे माकड शिकलं, की डोपामाइनच्या पेशी रसाला नाही, खुणेलाच उसळतात. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या पेशी शांत होतात. नेहमीचं बारीक टिकटिकणंही थांबतं. तो खळगा म्हणजे मेंदूच्या वहीतली नावेची नोंद. आता कुलपांत बनावट किल्ली दिवसभर बसलेली असेल तर? खऱ्या पेशी गप्प झाल्या तरी कुलूप उघडंच. तोट्याची नोंद होतच नाही. जमेची बाजू लिहिली जाते, नावेची कोरी राहते.

२००४ मध्ये मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी हे पार्किन्सन्सच्या रुग्णांवरच तपासलं. त्यांना ओळखीची नसलेली जपानी अक्षरं जोडीजोडीने दाखवली. कुठलं अक्षर निवडलं की बरोबर ठरतं ते चुकतमाकत शिकायचं. औषध घेतलेले रुग्ण जिंकणारं अक्षर चांगलं ओळखत. औषध न घेता आलेले रुग्ण हरवणारं अक्षर टाळण्यात पटाईत. म्हणजे माणूस तोच, आजार तोच, आणि ठेच लागून शिकायचं की साखर मिळून शिकायचं हे सकाळच्या गोळीवर. आणखी एक चिमुकला भाग आहे, सबथॅलॅमिक न्यूक्लिअस, मसुराच्या डाळीच्या घाटाचा. दोन सारख्याच ओढीच्या गोष्टी समोर आल्या की तो हाताला जरा थोपवून धरतो, मेंदूला विचार करायला सवड देतो. कंप थांबवण्यासाठी याच भागात तार बसवून वीज देतात, आणि ती वीज चालू असताना काही रुग्ण अवघड निवडीही भराभर करून टाकतात असं दिसलं आहे. 'आठ दिवस थांबू' याला मेंदूत पत्ता असेल, तर तो इथे कुठेतरी असावा.

हे वाचताना माझा सारखा गोंधळ व्हायचा तो भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा. वर्गात उत्तर सुचलं की बाकावर उभा, रस्त्यात चेंडू दिसला की धाव. त्याला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष आणि आवर न टिकण्याच्या त्रासासाठी, मिथाइलफेनिडेट सुरू आहे, आणि तेही डोपामाइन वाढवणारंच औषध. (१९४४ मध्ये ते बनवणाऱ्या लिआंद्रो पानिझॉन यांनी रिटालिन हे नाव आपल्या बायकोच्या रिटा या नावावरून दिलं. बायकोच्या नावाने औषध, हे आमच्या आईला फार आवडलं.) गेल्या दिवाळीत कराडला एकाच टेबलावर आजोबा आणि नातू आपापल्या गोळ्या घेऊन बसले होते. एकाला डोपामाइनने पाय सुटले होते, दुसऱ्याच्या पायांना त्यानेच लगाम मिळाला होता.

उत्तर बहुतेक जागेत, प्रमाणात आणि वेळेत आहे. कपाळामागचा जो भाग आवर घालायचं काम करतो, त्याला डोपामाइन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनालिन बेताचं लागतं. कमी पडलं तर लक्ष ढळतं, फार झालं तरी ढळतं. भाच्याची गोळी नवी किल्ली लावत नाही. पेशीने स्वतःहून सोडलेलं डोपामाइन लगेच परत ओढलं जाऊ नये एवढंच ती बघते, त्यामुळे मेंदूचं स्वतःचं बोलणं जरा मोठ्याने ऐकू येतं. अण्णांच्या गोळीने ते बोलणंच झाकून टाकलं होतं. याहून सोपं करून मला सांगता येत नाही. ज्यांना दोन वाक्यांत येतं, ते बहुधा उपासाचे व्हिडिओ काढतात.

गोळी कमी करायला चार महिने लागले. ती एकदम बंद करायची नसते. हळूहळू केली तरी मन खायला उठतं. अण्णा त्या दिवसांत खिडकीपाशी बसून राहायचे, जेवायला नको म्हणायचे, घामाघूम व्हायचे. लेव्होडोपा थोडं वाढवलं. घड्याळं उघडणं आधी थांबलं, मग कुरिअरवाला थांबला. पाय पुन्हा जड झाले. उंबऱ्यापाशी येऊन ते चिकटल्यासारखे उभे राहायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं होतं, चालणं थोडं कमी होईल, चालेल का? अण्णा म्हणाले, "चालेल. वही जुळली पाहिजे."

विसार बुडाला. घड्याळं भावाने कुणाकुणाला देऊन टाकली. एकदा रात्री, दिवे घालवल्यावर, मी त्यांना विचारलं, तुम्हाला आधी कधी असं वाटायचं का, म्हणजे गोळीच्या आधी, तरुणपणी? मला वाटलं ते टाळतील.

"रोज," ते म्हणाले. "कारखान्यात पगार झाला की गेटबाहेर पत्त्यांचा डाव बसायचा. पस्तीस वर्षं मी मागच्या गेटने घरी आलो."

मागच्या गेटने आमचं घर दीड किलोमीटर लांब पडायचं. रिक्षा – निरंक (चालत). आम्ही ज्याला चिक्कूपणा म्हणून हसत आलो, तो माणूस रोज संध्याकाळी काहीतरी उचलून घरी आणत होता, आणि त्याचं वजन आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मी हे भावाला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला आणि फोन ठेवला.

गेल्या महिन्यात अण्णांनी ती दोन वर्षांची वही पुन्हा काढायला लावली. अक्षर परत मुंग्यांच्या रांगेवर आलंय, एका ओळीला पाच मिनिटं लागतात. घड्याळं, विजेऱ्या, पान्हे, प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी लाल शाईने बारीक लिहिलं: परत, दिले, बुडीत. मी शेजारी बसून पानं धरत होते. मधल्या एका पानावर, टपोऱ्या अक्षरात, 'किरकोळ १४,२००' अशी नोंद होती.

"चौदा हजार किरकोळ? हे काय अण्णा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पैठणी. निळी." मग दारात आली. "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, मागितल्याशिवाय आणलेली तेवढी एकच. औषधानं का होईना. ती मी परत देणार नाही, आधीच सांगून ठेवते."

अण्णांनी लाल पेन त्या ओळीपाशी नेलं. हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरतो. जरा वेळ तसंच धरून ठेवलं, मग टोपण लावलं.

"ह्याचं आठ दिवसांनी बघू," म्हणाले आणि पान उलटायला सांगितलं.